साडेनव्वदचे पिस्टन

प्रिय रंजू,

अंबत्तूरच्या वर्कशॉपमध्ये लेथ बंद करून हे लिहितोय. माझं अक्षर तू फार वर्षांनी बघत असशील, लागलं नाही तर सांभाळून घे.

बाबा आता बरे आहेत. सकाळी मांबलम स्टेशनपर्यंत चालत जातात, कॉफी पिऊन परततात. त्यांची बीटल गाडी मात्र माझ्याकडेच आहे, इंजिन उतरवलेलं.

डिसेंबरात बाबांनी तिच्या इंजिनला मोठे पिस्टन आणि सिलिंडर घालायचं ठरवलं, तेव्हा मी अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरचे सुचवले होते. इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं कवच, कापावी लागत नाही, जुने काढले की नवे सरळ बसतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रंजूला विचारलंस?" बावीस वर्षं मी हेच काम करतोय, रंजू. तरी त्यांनी नाशिकला तुला फोन लावला. तू सांगितलंस की अठ्ठ्याऐंशीच्या भिंती पातळ, इंजिन नुसत्या हवेवर थंड होणारं, त्यात चेन्नईचा उन्हाळा. सिलिंडर वाकडे होतील. त्यापेक्षा केस बोअर करून, तिची भोकं मोठी करून, जाड भिंतीचे साडेनव्वद घाला. ऐकताना बाबांचा चेहरा असा काही उजळला, की मी दुसरीकडे बघू लागलो.

लहानपणीही हेच. रविवारी ते इंजिन उघडायचे, पाने मी द्यायचो, प्रश्न तू विचारायचीस. त्यांना प्रश्न आवडायचे.

एप्रिलमध्ये ते गुम्मिडिपूंडीला जुन्या सहकाऱ्याकडे, नागोजीरावांकडे, एकटेच गाडी घेऊन गेले. परतताना भर दुपारी हायवेवर इंजिन जाम झालं. दोन तास उन्हात, मग चक्कर, मग तीन दिवस सलाईन. तू धावत आलीस. इंजिन उघडून बघू या म्हणालीस, तर मी म्हटलं, ते राहू दे, तू बाबांजवळ थांब. तू यायच्या आधीच पडल्या पडल्या ते मला म्हणाले होते, "या वेळी रंजूचं चुकलं, मधू." बाप सलाईनवर होता आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. त्यानंतर ते मला विचारू लागले, फ्रिज कुठला घ्यायचा, बँकेत कुणाला भेटायचं. तुझा फोन आला की दोन मिनिटांत आटपायचे. ते महिने माझे फार सुखात गेले.

गेल्या आठवड्यात तू मला म्हणालीस, "माझ्या चुकीने बाबा मरता मरता वाचले. त्यांना काही सुचवायचं धाडस होत नाही, ऑफिसातही ड्रॉइंगवर माप टाकताना हात थांबतो." मी नुसतं 'हं' म्हटलं. रात्रभर ते 'हं' मला ऐकू येत होतं.

रंजू, त्या इंजिनात साडेनव्वद कधी बसलेच नव्हते. मी अठ्ठ्याऐंशीच घातले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे बाबा जोडणीच्या वेळी नव्हते, आणि बाहेरून फरक कळत नाही. उन्हाळा नीट पार पडला की सांगणार होतो, हे माझ्या पसंतीचे आहेत. त्यांना इजा व्हावी असं स्वप्नातही नव्हतं, फक्त तू एकदा खोटी ठरावीस एवढीच इच्छा होती. काल त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला तूच कळव." तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. तुझं माप बरोबर होतं. माझी असूया गेली असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. पण केस मी आज बोअरिंगला घेतली आहे, साडेनव्वदसाठी. पिस्टन बसवायला तू ये. या वेळी मी शेजारी उभा राहून नुसतं बघेन, तेही सोपं जाणार नाही.

तुझाच,
मधू
(दादा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.)