पापड

सनीव्हेल,
१९ जानेवारी २०२५

ती. सुवर्णाताईस,

तिळगूळ पोचला. लाडू आईच्या हातचे आहेत, पाक थोडा कडक झालाय. गोड बोलणं मात्र या वर्षी जमणार नाही. फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि आईची उत्तरंही तूच देतेस, म्हणून पत्र.

इकडे थंडी आहे. ऑफिस चालू आहे. बिअर तयार झाली.

हो, तीच. 'घरात दारू गाळतेस, तीही आईसमोर? काही सेन्स आहे का तुला?' असं तू ज्याबद्दल ओरडलीस, ती. समोर नव्हे, ताई. आईने माझ्याबरोबर केली. मोड आणून वाळवलेलं सातूचं धान्य तिने हातात घेऊन हुंगलं आणि म्हणाली, 'हे तर आपल्या नाचणीसत्त्वासारखंच की.' गरम पाण्यात ते भिजवलं, गाळलं, उकळलं. हॉप्सची कडू फुलं तिनेच मोजून टाकली. गार झाल्यावर यीस्ट घालून बादली कोपऱ्यात ठेवली.

सकाळी पाहिलं तर बादलीभोवती आईची शाल. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून ती गुंडाळते, तशी. बिअरला गारवा लागतो हे तिला मी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी झाकणाची नळी उडाली, फेस पार भिंतीवर. मी फडकं शोधत होते आणि ही हसत होती. 'पुसू नकोस गं, नव्या घरात दूध उतू घालवतात ना? शुभ असतं.' बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तू पाहिलंस?

तुला वाटतं मी तिला फसवलं, सरबत म्हणून सांगितलं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, 'ही चढते ना?' मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, 'ह्याचा वास मी जन्मभर घेतला. चव कशी असते ते एकदा बघू दे.'

एवढंच मागितलं होतं तिने. बाटल्या भरल्या, त्या मुरायच्या होत्या. तेवढ्यात तुझा फोन आला. तिला काय बोललीस ते मी ऐकलं नाही. आईने फोन ठेवला, आंघोळ केली, डोक्यावरून पदर घेतला आणि बॅग भरायला लागली. दुसऱ्या दिवशीचं तुझ्याकडचं तिकीट तू काढलंच होतंस. एअरपोर्टवर मला म्हणाली, 'ताईचं बरोबर आहे.' सत्तरीच्या बाईला तू शाळेतल्या मुलीसारखं कोपऱ्यात उभं केलंस.

कशासाठी? बाबांची आठवण म्हणून? पेपरात 'अल्पशा आजाराने' तूच छापायला लावलंस. अल्पसा! आपण शाळेत होतो तेव्हापासून. रिक्षावाला त्यांना उचलून आणायचा तेव्हा दार आई उघडायची आणि तू रेडिओ मोठा करायचीस. तेव्हाही आवाज झाकायचं काम तुझंच होतं.

आणि तुझ्या प्लेनोच्या घरात काचेचा बार आहे, आत निळा दिवा. गेल्या दिवाळीत भावजींचे मित्र तिथे बसले होते. 'काकू, अजून दोन मसाला पापड!' अशी आरोळी आली आणि आई गॅसशी उभी. गॅसकडे तोंड, बारकडे पाठ. बाबांना चकणा द्यायची तशीच. ते तुला चाललं. दुसऱ्याने प्यायची आणि तिने भाजायचं, हे तुझ्या घरात बसतं. तिने एक घोट घ्यायचा म्हटलं की संस्कार आठवतात.

बिअर बिघडली आहे थोडी. उबेमुळे केळ्यासारखा वास येतो. मी अजून चाखलेली नाही.

शनिवारी येतेय. बाटल्या सामानात असतील, त्याच शालीत गुंडाळून, ती इथेच राहिली. आईला नको असेल तर ती तोंडाने नको म्हणेल, मी तिथेच ओतून देईन. पण ते ती सांगेल, तू नाही. हवी म्हणाली तर ग्लास मी तिच्या हातात देईन, बारसमोरच्या त्या उंच खुर्चीत बसवून.

त्या दिवशी पापड तू भाज.

बाबांची धाकटी,
निधी