तीनशे वीस ग्रॅम

प्रिय दादा,

रागात लिहितेय, तरी 'प्रिय' लिहिलंय याची नोंद घे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी एक वाक्य सुरू केलं की तू तीन संपवतोस, आणि तेवढ्यात वहिनी स्पीकरवर येऊन हे सगळं आईच्या भल्यासाठीच कसं आहे ते समजावून सांगते. कागदाचं बरं असतं, तो मध्ये तोंड घालत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि क्रमाने वाच. लहानपणी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचून मला खुनी सांगून टाकायचास, तसं करू नकोस.

पाच महिन्यांपूर्वी आपण आईला त्या स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तीसपैकी अकरा मिळाले. तू तो कागद चार घड्या करून खिशात ठेवलास आणि आम्हाला समोरच्या कॅफेत नेलंस. तिथे तू स्वतःसाठी ग्रिल्ड चिकन सीझर रॅप मागवलास आणि आईसाठी सूप. आईनं सूप बाजूला सारलं, तुझी बशी स्वतःकडे ओढली आणि अख्खा रॅप संपवला, कागदाला लागलेलं ड्रेसिंग, तो पांढरा आंबट सॉससुद्धा बोटानं पुसून खाल्ला. त्याआधीच्या दोन महिन्यांत तिचं वजन सहा किलोनं उतरलं होतं आणि मी चमचा घेऊन तिच्या मागे मागे फिरत होते. तू म्हणालास, बघ, समोरची बशी कोणाची आहे हेही तिला कळत नाही. मला नेमकं उलटं दिसलं. कित्येक आठवड्यांनी तिला काय हवंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच दिवशी मी ठरवलं की हा प्रकार घरी करायचा.

आता हसून घे. माझ्या स्वयंपाकाला तू प्रथमोपचार म्हणतोस हे मला माहीत आहे. पण मी माणसांना गाडी शिकवून पोट भरते, दादा. क्लच कधी सोडायचा हे ज्यांना जन्मात कळणार नाही असं वाटतं, त्यांनाही मी चौकात गाडी वळवायला शिकवलंय. कोंबडीचा एक तुकडा मला काय भारी होता? भारी पडला, ते सोड. पहिल्यांदा बाहेरून जळला आणि आतून कच्चा राहिला. मग अक्कल आली. तुकडा जाड असतो, म्हणून लाटण्यानं ठोकून सगळीकडून सारखा करायचा, मीठ, मिरपूड, लसूण आणि लिंबू चोळून अर्धा तास ठेवायचा, रेघांचा जाड तवा धूर येईपर्यंत तापवायचा, आणि एकदा तुकडा टाकला की त्याला हात लावायचा नाही. मी दर दहा सेकंदांनी उलटून बघत होते, तिथेच सगळं बिघडत होतं. ड्रेसिंग तर तीनदा फाटलं. अंड्याच्या बलकात तेल थेंबथेंब घालायचं असतं आणि माझा स्वभाव थेंबथेंबवाला नाही. शिवाय त्यात घालायच्या खारवलेल्या बारक्या माशांची डबी उघडताना अंगठा कापला. चौथ्यांदा मात्र जमलं. लेट्यूसची पानं बर्फाच्या पाण्यात घालून फडक्यात कोरडी केली, पावाचे तुकडे कुरकुरीत तळले, चीज किसलं, मैद्याच्या मोठ्या पातळ पोळ्या गरम केल्या. सगळं ओट्यावर मांडलं आणि स्वतःवरच खूश झाले.

आणि मग गुंडाळता येईना. पोळी मिटायला गेले की एका बाजूनं कोंबडी बाहेर यायची आणि दुसऱ्या बाजूनं पानं. एक फाटली. दुसरी सुटली. आई खुर्चीत बसून बघत होती. तिसरी पोळी घेतली तशी ती उठली, बेसिनपाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून, बोटांच्या मधे, नखांच्या खाली, घाई न करता. तुला आठवतं ना, प्रसूतिकक्षात नर्स म्हणून एकतीस वर्षं काढली तिनं, घरी आल्यावरही असेच हात धुवायची आणि आपण भुकेनं कोकलत असायचो? हात धुऊन ती माझ्याशेजारी उभी राहिली, मला कोपरानं बाजूला केलं आणि पोळी स्वतःकडे फिरवून घेतली. खालची कड वर, डावी बाजू आत, उजवी तिच्यावरून ओढून घट्ट, आणि उरलेला पदर खाली खोचला. तीन सेकंद लागले असतील. "नवीन आहेस म्हणून सांगते," मला म्हणाली, "सैल सोडलंस तर ते घाबरतं."

दुपट्यात बाळ गुंडाळावं तसा तो रॅप गुंडाळला होता, दादा. किती हजार बाळं तिनं अशी गुंडाळली असतील कोण जाणे. तुला आणि मलाही तिनंच गुंडाळलं असणार. मला हसावं की रडावं कळेना. पण तिचं काम संपलं नव्हतं. तिनं तो उचलून ओट्यावरच्या वजनकाट्यावर ठेवला, वाकून आकडा बघितला आणि मला लिहून घ्यायला सांगितलं. मी गपचूप भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलं. "तीनशे वीस ग्रॅम," ती म्हणाली, "फार लवकर आलंय. उबेत ठेव." मी तो तव्यावर ठेवला. दुसरं काय करणार होते? आता ही याचा घास कसा घेणार, हे मला कळत नव्हतं. चार मिनिटांनी मी तो भीतभीत तिच्यासमोर आणून ठेवला. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू वेडी ती नसून मी आहे, आणि म्हणाली, "अगं, रॅप आहे तो. अर्धा कापून दे."

ती थट्टा करत होती की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. रोज विचार करते. तुमच्या त्या तीस मार्कांच्या कागदावर यासाठी एखादा रकाना आहे का, ते डॉक्टरांना जरूर विचार.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा हाच बेत असतो. कोंबडी मी भाजते, ड्रेसिंग मी करते, गुंडाळायचं काम तिचं. मी मुद्दाम जास्त करते म्हणजे तिला जास्त गुंडाळता येतं, आणि उरलेले वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई घेऊन जातात. मी शिकवायला गाडीवर असते तेव्हा त्याच आईजवळ शिलाई घेऊन बसतात. आईचं वजन अडीच किलोनं वाढलंय. प्रत्येक रॅपचं वजन ती माझ्याकडून लिहून घेते, आणि एकदा साडेचारशे ग्रॅमचा निघाला तर दिवसभर त्याचं कौतुक करत होती.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. गेल्या महिन्यात तिनं नळ उघडा ठेवला आणि शिंपीणबाईंनी आपल्याकडे आणून ठेवलेली मशीन सोडून सगळं घर ओलं झालं. दोनदा ती कामावर निघालेय म्हणत जिन्यात सापडली. गॅसचं बटण मी काढून ड्रॉवरमध्ये ठेवते आणि भाजायच्या वेळी लावते. मी चिडते, ओरडते, एकदा तर बशी आपटली. शिकाऊ माणूस चालवत असताना माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तसा पाय आता दिवसभर ताणलेला असतो आणि पोटऱ्या दुखतात. हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण गाडी बंद पडली म्हणून मी आजवर कोणालाही रस्त्यात उतरवलेलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आईला जिथे ठेवायचं म्हणतोस, त्या संस्थेचा तू पाठवलेला अर्ज मिळाला. तुझी सही झालेली आहे आणि माझ्या जागेवर तू पेन्सिलनं फुली मारून ठेवली आहेस. मागच्या खेपेला आईनं तुला दारातच विचारलं, "तुम्ही कोणाचे नातेवाईक?" तू गॅलरीत जाऊन उभा राहिलास, आणि परत आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. अर्ज तेव्हाच भरलास ना? मी तुला सांगितलं होतं की मला ती ओळखते. खोटं सांगितलं होतं. तीन महिने झाले, ती मला ओळखत नाही. तिच्या लेखी मी वॉर्डात आलेली नवी सिस्टर आहे. रोज संध्याकाळी आवरून झालं की ती मला म्हणते, जा आता घरी, आई वाट बघत असेल तुझी. मी चपला घालते, जिन्यात दोन मिनिटं उभी राहते आणि पुन्हा आत येते. ती विचारते, आज रात्रपाळी का? मी हो म्हणते. हे तुला सांगितलं असतं तर तू ते अर्जात लिहिलं असतंस. लिही आता. अर्ज सोबत परत पाठवतेय, माझी जागा कोरी आहे आणि ती कोरीच राहणार. तू वकील आण, डॉक्टर आण, वहिनीला आण, माझी सही होणार नाही. त्यापेक्षा रविवारी एकटा ये. ती तुला पुन्हा विचारेल, तुम्ही कोणाचे नातेवाईक. या वेळी गॅलरीत जाऊ नकोस. सांग, तुमचाच.

तुझीच,
शेंडेफळ