इंजिनाची टाळू

आये, दादा परवा पुन्हा तेच विचारत होता, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू जाऊन जन्म लोटला. पण विचारू तरी कुणाला?

खालापूरच्या आपल्या अंगणात एरंडी भाजल्याचा तो उग्र वास मला अजून येतो. तू बी भाजतेस, उखळात कुटतेस, पाण्यात उकळून वर आलेलं तेल पळीनं काढून घेतेस. पहिली पळी आळीतल्या तान्ह्या पोराची. त्याची टाळू भरल्याशिवाय डबा भरायचा नाही, हा तुझा नेम. बाकीचं ठेकेदार न्यायचा. थोडं मुंबईला, साबणाच्या आणि कातडी कमावायच्या कारखान्यांना, बरंचसं कर्जतला, रेल्वेच्या इंजिनांना घालायला. त्याच कर्जतला दादा तुझं न ऐकता आगवाला म्हणून लागला. घाट चढताना गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनात कोळसा टाकायचं काम. "जा, मर घाटात," म्हणालीस आणि त्याच्याशी बोलणंच टाकलंस. हट्टी तर तू होतीसच.

मग एके दिवशी ठेकेदाराच्या बैलगाडीत डब्यांशेजारी जाऊन बसलीस, मलाही ओढलंस. "माजं त्याल कुटं जातं त्ये बगायचं हाय," एवढंच. कर्जतच्या इंजिनांच्या शेडात दादाचं इंजिन धापा टाकत उभं होतं. दादा पुढे आला, तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस. डब्यात हात बुडवलास आणि चवड्यांवर उभी राहून तो थेट इंजिनाच्या कपाळावर थापलास. "आये, हात भाजंल!" दादा ओरडला. भाजलाच. शेडातली माणसं खो खो हसत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना विचारलं, "असं का केलंस गं?" तू फोड आलेला तळवा फुंकत म्हणालीस, "लय तापतं त्ये. टाळू नगं भराया?"

हे काय उत्तर झालं, आये? त्या पावसाळ्यात तू गेलीस, दादाशी एक शब्द न बोलता. तो आता थकलाय, अंथरुणाला खिळलाय, आणि जेव्हा तेव्हा विचारतो, "आयेनं मला माफ केलं व्हतं का गं?" मी कधी हो म्हणते, कधी विषय बदलते. तुझा मला राग येतो, मग तो तळवा आठवतो, आणि काहीच कळेनासं होतं.

परवा त्याच्या टकलावर एरंडेल चोळलं. म्हटलं, "आयेच्या हातचं हाय, तुज्यासाठी ठेवून गेली व्हती." तो लहान पोरासारखा झोपला.

तेल दुकानातलं होतं.