विमानातल्या प्रवाशांत सहा फूट

३ ऑगस्ट २०२०
लॉकडाऊनपासून माह्यं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान ठप्प. डोकं मात्र चालू. आयडिया : विमानात प्रत्येकाच्या गळ्यात ब्लूटूथचं यंत्र. दोघं सहा फुटांच्या आत आले की टूं-टूं! एका विमान कंपनीले मेल टाकला. तनुजा म्हणे, तुमी विमान पाह्यलं तरी काय? बायकोच ती. मनलं, रोज आपल्या मानोरा गावावरून जाते.

४ ऑगस्ट
एका मिनिटात उत्तर! 'आपला मेल मिळाला, धन्यवाद.' म्हणजे वाटच पाहून राह्यले होते.

९ ऑगस्ट
इंझोरीहून सासरे आले. भाजीच्या वाडीत माणसं मिळत नाहीत, वांगे लावाले या म्हणतात. जावई अन् वांगे! तनुजानं मुदत दिली : पंधरा दिवसांत यंत्राचं काही झालं तर ठीक, नाही तर वाडीत. हसत कबूल केलं. पुढं पस्तावीन बिचारी.

१८ ऑगस्ट
बाविसाव्या मेलनंतर कंपनीतल्या मॅडमचा फोन. उद्या व्हिडिओवर दाखवा म्हणे. दुकानातल्या जुन्या मोबाइलायचे सहा यंत्रं जोडले. अंगणात टेप लावून सहा खुर्च्या मांडल्या. मधात बरोबर सहा-सहा फूट. हुबेहूब विमान.

१९ ऑगस्ट, सकाळी ११
शेजारचा रुपला, भुरीबाई, सारे प्रवासी बसवले. मॅडम लाइनवर. तेवढ्यात आई म्हणे, नव्या यंत्राची पूजा नाही केली काहून? झालं! नारळ, कुंकू, आरती. सारं विमान उठून ताटाभोवती गोळा. सहाही यंत्रं टूं-टूं. मनलं, मॅडम, पाहा, रेंज एकदम कडक.
मॅडमनं इचारलं, विमानात सीटा एकमेकीले चिकटून असतात, माहीत आहे ना? यंत्र मुंबई ते दिल्ली वाजतच राहीन.
मी लगेच उपाय सांगितला : विमान रुंद करा.
मॅडम विचारात पडल्या. मग नेटवर्क गेलं असावं.

२४ ऑगस्ट
फोन नाही. इतका मोठा निर्णय, वेळ लागतेच. मुदत मात्र संपली. वाटलं तनुजा हसीन. हसली असती तर भांडलो तरी असतो. तिनं नुसता माहा जुना शर्ट पिशवीत टाकला.

२५ ऑगस्ट, इंझोरी
दिवसभर वांग्याचे रोपं लावले. हात बसला होता चांगला. दुपारी वळून पाह्यलं, तर सासरे मागून एकेक रोप उपटून पुन्हा लावून राह्यले होते.
बांधावर तनुजा बाया-माणसायले सांगत होती, ह्यायले कंपन्यायचे फोनावर फोन, पण मीच हट्ट केला, चार दिवस माहेरी चला.
लग्नाले सात वर्षं झाली. माह्यासाठी खोटं बोलताना तिले पह्यल्यांदा ऐकलं. लई लाज वाटली. उद्या सकाळी सहाले वाडीत.