जेवण झाल्यावर द्यावयाच्या कॅसेटी

मी, खाली सही करणारा, वय पन्नाशीला टेकलेले, धंदा नोकरी, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (आमची ही शेजारच्या खोलीत आहे, पण दार तिनेच लावून घेतले आहे) पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीबद्दल आमच्या डॉक्टरांनी लेखी दाखला दिला आहे. तो वाचून ही म्हणाली, "डॉक्टर तुम्हाला कधीमधी भेटतात, त्यांना काय माहीत?" तिची हरकत नोंदवून पुढे जातो.

कारण असे की सोमवारी माझी छाती उघडणार आहेत. सर्जन तरुण आणि हसतमुख आहे, पण "काळजीचं काही नाही" हे वाक्य तो दारातून बाहेर पडता पडता म्हणतो, हे मला आवडलेले नाही. देवावर माझा विश्वास आहे. मात्र देव कागदपत्रे करत नाही, ती आपली आपल्यालाच करावी लागतात.

धंद्याविषयी थोडे. माणसे बॉम्ब का टाकतात, बंदूक का उचलतात आणि कधीकधी ती खाली का ठेवतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात माझे आयुष्य गेले. गावच्या शाळेत आम्ही सगळे वर्ग एकाच खोलीत बसायचो. मोठ्यांचा धडा कानावर पडत असताना आपले पाढे लिहायचे. तिथे मला दोन गोष्टी एकदम ऐकायची सवय लागली: माणूस बोलतो ती, आणि टाळतो ती. पुढच्या सगळ्या पदव्यांनी त्यात फारशी भर घातली नाही. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, मी एकदा सांगितले की मी दहशतवादाचा अभ्यास करतो. तो म्हणाला, "अजून? पास कधी होणार?"

आता वाटणी.

कलम एक. राहते घर पत्नीला द्यावे. त्यासोबत घरातले सर्व लोखंडी कामही तिचेच: सगळ्या खिडक्यांचे गज, न्हाणीघराच्या झरोक्याची जाळी, चपलांच्या चार मांडण्या, कुंड्यांचे स्टँड, आणि गच्चीत भिंतीला टेकून उभे असलेले, कुठेही न जाणारे फाटक. "चोर आत येणार नाही हे खरं," ती नेहमी म्हणते, "पण आग लागली तर आपण बाहेर कुठून पडायचं?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. इतके लोखंड का घेतले, याचे उत्तर आहे, ते कलम सहामध्ये दिले आहे. मेव्हण्याने या घरावर डोळा ठेवू नये. आपण डोळा ठेवलेला नाही असे तो म्हणेल, पण पडद्यांचे माप घेताना मी त्याला पाहिले आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक पत्नी आणि मुलगी यांना सारखी. मुलीने तिचे काय करावे यावर अट नाही. तिने माझा विषय घेऊ नये एवढी इच्छा आहे. तशी ती शहाणी आहे. मागे मी तिला म्हटले होते, आमच्या विषयात नोकऱ्यांना तोटा नाही. ती म्हणाली, "तेच तर वाईट आहे ना, बाबा."

कलम तीन. गावाकडची माझ्या वाट्याची जमीन दादाला. आमच्या दोघांच्या शेतांमधला बांध तो दरवर्षी थोडाथोडा माझ्या बाजूला कोरत आला आहे. मी देशोदेशींच्या सीमावादांवर लिहिले, परिषदांतून बोललो, आणि या बांधाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आता दोन्ही बाजू त्याच्याच झाल्या. तरीही तो पावसाळ्याआधी कुदळ घेऊन जाईल अशी मला भीती वाटते, कारण सवय वाईट असते. वहिनीने त्याला थांबवावे.

कलम चार. पुस्तके केंद्राच्या ग्रंथालयाला द्यावीत. ती नेताना कव्हरे घालावीत, म्हणजे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर पुन्हा चिंतेत पडणार नाहीत. एकदा विमानतळावर माझी बॅग उघडली गेली. वरती स्फोटकांच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ, त्याखाली माझे रोजच्या वाचनातले देवाचे छोटे पुस्तक.

"हे काय?" अधिकाऱ्याने विचारले.

"अभ्यास."

"आणि हे खालचं?"

"त्या अभ्यासावरचा उतारा."

मी जितके खरे सांगत गेलो तितका वेळ मला बसवून ठेवले. शेवटी एका वयस्कर अधिकाऱ्याने हळूच पगार विचारला. मी सांगितला. "जाऊ द्या यांना," तो म्हणाला, "हे कोणाचं काही बिघडवतील असं वाटत नाही." ते छोटे पुस्तक ग्रंथालयात जाता कामा नये. ते माझ्या शर्टाच्या खिशात असू द्यावे.

कलम पाच. आमच्या केंद्राचे संचालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, त्यांनी धोक्याच्या खुणांचा एक तक्ता बनवला आहे. माणूस जहाल होऊ लागला की आधी काय दिसते, ते त्यात आहे: एकाएकी देवधर्म वाढणे, घरच्यांशी तुटक वागणे, बंद खोलीत तासन्‌तास लिहीत बसणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, जुने हिशेब चुकते करण्याची भाषा, आणि निरोपाचे कागद तयार करणे. आज सकाळी मी तो स्वतःसाठी भरून पाहिला. मी लाल पट्ट्यात आहे. पत्नीसाठी भरला, ती मेव्हणा मुक्कामाला असताना लाल पट्ट्यात असते, एरवी पिवळ्या. मग साहेबांसाठी भरला. सगळ्या जगाचे एकच कारण ठाऊक असणे, विरोधकांबद्दल तुच्छता, भोवती होयबांचा घट्ट गोतावळा, विनोद न कळणे. त्यांच्यासाठी पट्टा अपुरा पडला, मला कागदाच्या बाहेर खूण करावी लागली. हा भरलेला तक्ता काचेच्या चौकटीत बसवून साहेबांना माझ्यातर्फे भेट द्यावा. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. बोललेच, तर कोणीतरी घड्याळ लावावे.

कलम सहा. खरे तर या कलमासाठीच मी लिहायला बसलो. आधीची पाच प्रस्तावना समजावीत.

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या स्वेटरखाली, एका माणसाच्या मुलाखतीच्या कॅसेटी आहेत. अभ्यासात मी त्याला 'पहारेकरी' म्हणतो, कारण संघटनेत त्याचे काम तेवढेच होते. आत काय ठरते ते ऐकायचे नाही, बाहेर उभे राहून रस्त्याकडे बघायचे. आता तो वेल्डिंगचे दुकान चालवतो. (वेल्डर हा धंदा मी बदलून लिहिला आहे, आमच्यात तशी रीतच आहे. त्यामुळे कलम एकमधले लोखंडही लोखंड समजू नये. त्या वस्तू कशाच्या आहेत ते घरात येणाऱ्याला दिसतेच, म्हणून साहेब सांत्वनाला आले तर त्यांना उंबऱ्याबाहेरच पाणी द्यावे.)

बोलायला त्याची एक अट होती. "गिऱ्हाईक होऊन या, भाऊ. रिकाम्या हातांनी येणारा माणूस सारखा दिसला की गल्ली विचारते." म्हणून प्रत्येक भेटीला मी काहीतरी बनवायला टाकत गेलो. ते फाटक म्हणजे त्याचे बालपण आहे. चपलांच्या मांडण्या म्हणजे संघटनेतली वर्षे.

संघटनेत का गेलास, असे मी विचारले.

"त्यांच्याकडे मोटारसायकल होती."

"आणि बाहेर का पडलास? विचार पटेनासे झाले?"

"विचार कुठे होते माझ्याकडे? दाढ दुखत होती. आमचा पुढारी म्हणाला, क्रांती झाली की गावोगाव दवाखाने काढू. म्हटलं, दाढ तोवर थांबायची नाही."

तो दाढ काढायला शहरात आला. रांगेत बसून कण्हत होता, तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "जरा हळू कण्हा, आमचीही दाढच आहे." तिच्याशीच त्याने पुढे लग्न केले. परत गेला नाही. साहेबांनी अहवालात लिहिले, 'वैचारिक भ्रमनिरास'. मी म्हटले, साहेब, दाढ. ते म्हणाले, "दाढ आपल्या चौकटीत बसत नाही." मी पेन्सिलीने समासात 'दाढ' लिहिले. छापताना ते गेले.

केंद्राला मी फक्त उतरवलेला मजकूर दिला, कॅसेटी दिल्या नाहीत. त्या मजकुरात जागोजागी कंसात 'शांतता' असे आहे. केंद्रातल्या हुशार मंडळींनी त्या शांतता मोजल्या, त्यांचा आलेख काढला आणि खाली लिहिले, 'दडपलेला राग'. तो आलेख परदेशी परिषदेत दाखवला गेला आणि वाखाणला गेला. वस्तुस्थिती अशी की दुपारी त्याची बायको डबा घेऊन यायची. गल्लीच्या तोंडाशी ती दिसली की तो बोलता बोलता थांबायचा आणि तोंडासमोर वेल्डिंगची काच धरायचा. त्या प्रत्येक शांततेत त्याची बायको आहे. आधीच्या आयुष्याबद्दल त्याने तिला काही सांगितलेले नव्हते.

"कळलं तर काय म्हणतील वहिनी?" मी एकदा विचारले.

"काही म्हणणार नाही. त्याचीच भीती आहे."

मी त्याला शब्द दिला होता: या कॅसेटी तुझ्या. परत जातील तर तुझ्याच हातात, नाहीतर कोणाच्याच नाही.

आता साहेबांनी आवाजावरून राग मोजणारे यंत्र आणले आहे आणि त्यांना अस्सल आवाज हवा आहे. केंद्राचा पायंडा असा की संशोधक गेला की त्याचे सगळे साहित्य केंद्रात जमा होते. पहारेकऱ्याचे जुने साथीदार अजून हयात आहेत. त्यांना आवाज ओळखायला यंत्र लागत नाही. साहेब मला बघायला दवाखान्यात आले होते. फळे आणली होती. "तुम्ही विश्रांती घ्या," ते म्हणाले, "कपाटाची चावी तेवढी द्या." चावी हरवली असे मी सांगितले. ती माझ्या गळ्यातल्या गोफात, देवाच्या पदकाशेजारी आहे. देवासमोर खोटे बोललो खरे, पण चावी त्याच्या इतकी जवळ होती की त्याला सगळे ठाऊकच असणार.

म्हणून कलम सहा मी आधी असे लिहिले होते: पत्नीने कॅसेटी जाळाव्यात. लिहून झाले होते. परवा दुपारी पहारेकऱ्याची बायको घरी आली. ऑपरेशनचे कानावर आले म्हणाली. आमची ही चहा ठेवायला आत जाताच तिने खिडकीच्या गजांवरून हात फिरवला.

"भाऊ, इतकं काम कोण करून घेतं? तुम्हाला काय वाटलं, मला काही कळत नाही?"

"काय कळलं, वहिनी?"

"दाताच्या दवाखान्यात सगळे डॉक्टरच्या दाराकडे बघतात. हे रस्त्याच्या दाराकडे बघत बसले होते. पाठ भिंतीला. दाढ इतकी सुजलेली, तरी नजर हलत नव्हती. तेव्हाच म्हटलं, हा माणूस कुठूनतरी आलाय आणि परत जायला घाबरतोय."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाही?"

"त्यांना वाटतं मला माहीत नाही. त्या वाटण्यावर आमचं घर उभं आहे. मी कशाला धक्का लावू?" मग म्हणाली, "पण दुकानात तुमचा रेकॉर्डर चालू दिसायचा, त्या कॅसेटी मला द्या. मी दिसले की ते गप्प व्हायचे ना? गप्प होण्याआधी काय म्हणत होते, तेवढं एकदा ऐकायचंय."

आयुष्यभर मी दोन्ही बाजू ऐकल्या, निवाडा करायची वेळ कधी आली नव्हती. जाळल्या तर तिने मागितलेली एकमेव गोष्ट जाळतो. तिला दिल्या तर माझा शब्द जातो. त्याला गुपचूप दिल्या तर तो स्वतःच जाळेल. रात्रभर देवाला विचारले. तो नेहमीप्रमाणे ऐकत राहिला. या बाबतीत तो माझ्याहून चांगला संशोधक आहे.

पहाटे ध्यानात आले की शब्द दिला तो कोणाच्या हातात द्यायचे याचा. कधी द्यायचे यावर आमचे काही ठरलेले नाही. काल वहिनींना फोन करून म्हटले, "त्यांच्याच हातात देणार. पण तुम्ही डबा घेऊन जाता तेव्हा. चालेल?"

मग त्या म्हणाल्या, "आधी जेवू द्या त्यांना. उपाशीपोटी त्यांना काही सुचत नाही."

सबब कलम सहा आता असे वाचावे. माझी विद्यार्थिनी, जिने माझ्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि जी माझ्याहून बरे ऐकते, तिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमतो. दुकान कुठे आहे ते फक्त तिला ठाऊक आहे. गळ्यातली चावी तिला द्यावी. तिने गिऱ्हाईक म्हणून जावे आणि काहीतरी लहानसे बनवायला टाकावे. दुपारी वहिनी डबा घेऊन येतील. जेवण होईपर्यंत तिने थांबावे. पहारेकऱ्याने हात धुतले, की वहिनी तिथे असतानाच सगळ्या कॅसेटी त्याच्या हातात द्याव्यात, रेकॉर्डरही द्यावा, आणि काही न बोलता निघावे. मागे वळून बघू नये. त्यानंतर तिथे जी शांतता पडेल ती त्या दोघांची आहे. तिची नोंद करू नये, ती मोजू नये आणि तिला कसलेही नाव देऊ नये.

सोमवारनंतर मी जिवंत राहिलो तर हे काम मीच करीन. तसे झाले तर कलम तीन दादाला दाखवू नये, आणि आमच्या हिने घरात आणखी एक लोखंडी वस्तू येईल याची मनाची तयारी ठेवावी. वस्तू लहानच सांगेन.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, स्वतःशी पुन्हा वाचून पाहिले आणि खाली सही केली. अक्षर हलले आहे ते चहाचा कप मध्ये आल्याने, भीतीने नव्हे. भीती आहे, पण तिने अक्षर बिघडवलेले नाही.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, दुपार, जेवण झाल्यावर.

सही: मृत्युपत्र करणारा

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना समोर बसून पाहिले:

साक्षीदार पहिला: घरचे डॉक्टर. (शेरा: शुद्धीत आहेत. साखर जास्त घेतात.)

साक्षीदार दुसरा: शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. (शेरा: मजकूर वाचलेला नाही. आयुष्यभर लोकांची पत्रे न वाचता योग्य हातात पोचवली, तसेच समजावे.)