उद्घोषणेच्या गाडीवरून माझा आवाज काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
सार्वजनिक उद्घोषणा कक्ष,
नगर प्रशासन, तळमजला.

विषय : धोकादायक इमारती रिकाम्या करून घेण्यासाठी फिरणाऱ्या गाडीवर अर्जदाराचा आवाज वापरणे थांबविण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व खिडकी क्रमांक चारवर मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. मी छापखान्यातून निवृत्त झालेला प्रत-वाचक आहे. मूळ हस्तलिखित मी मोठ्याने वाचायचे आणि शेजारच्या मुद्रितशोधकाने छापील मजकूर त्याच्याशी ताडून पाहायचा, असे ते काम असे. वाचताना भाव आणायचा नाही, एक शब्द दुसऱ्याला चिकटू द्यायचा नाही आणि स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा उच्चारायचे, ही त्यातली रीत. त्यामुळे माझा आवाज कायमचा सपाट झाला. माझी दिवंगत पत्नी त्याला 'विहिरीत सोडलेली बादली' म्हणत असे. चार माणसांसमोर उभे राहून मला आजवर बोलता आलेले नाही. हे विषयाला सोडून वाटेल, परंतु न सांगितल्यास पुढचे खरे वाटणार नाही. सांगूनही वाटेल की नाही, याची मला खात्री नाही.

२. माझी नात घरात चिमणी आणि बाहेर 'हादरा' या नावाने ओळखली जाते. ती डीजे आहे आणि रॅप म्हणणाऱ्या मुलांसाठी संगीतही तयार करते. शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, कोणीतरी टाकून दिलेल्या दोन स्पीकरांवर तिने सुरुवात केली. तिचे संगीत फार खालच्या सुरांचे असते, कानांपेक्षा बरगड्यांनी ऐकायचे. मला ते कळते, असा माझा दावा नाही. एके दुपारी तिने मला कपड्यांच्या कपाटात स्टुलावर बसवले, भोवती रजया टांगल्या, मायक्रोफोनवर धुतलेला पायमोजा चढवला आणि हातात शब्दकोश दिला. मी जरा नाटकी वाचू लागताच ती म्हणाली, "आजोबा, जीव ओतू नका हो. प्रुफाला वाचायचात तसं वाचा." मग रोज दुपारी आम्ही तेच करू लागलो. घर, दार, किल्ली, उद्या, सकाळी, रिकामे, करा. माझे बोलणे कोणीतरी इतके लक्ष देऊन ऐकत आहे, असे मला त्यापूर्वी कधी वाटले नव्हते.

३. त्यातून तिचे पहिले गाजलेले गाणे झाले. त्यात आणखी खाली उतरवलेला माझा आवाज 'पूर्णविराम' एवढेच म्हणतो, क्षणभर सगळे थांबते आणि मग तो खालचा सूर कोसळतो. मैदानभर मुले माझ्याबरोबर 'पूर्णविराम' ओरडत. तिला दूरदूरची बोलावणी येऊ लागली. पुढे तिने माझे शब्द सुटे करून विक्रीस ठेवले. तिच्या व्यवसायात तशी पद्धतच आहे. इतर संगीतकार ते घेतात आणि आपल्या गाण्यात बसवतात. घेणाऱ्याने ते कसेही वापरावेत आणि विकणाऱ्याने ते परत मागू नयेत, असा त्यातला नियम. आपली भाषा न जाणणाऱ्यांनीही ते घेतले, याचे आम्हाला घरात कौतुक होते. आपली गाडी चालवणारा ठेकेदारही त्या घेणाऱ्यांत होता, हे आम्हाला उशिरा कळले.

४. मी भाजी निवडत होतो आणि माझ्या पाठीमागून मीच बोललो. 'उद्या. सकाळी. घर. रिकामे. करा. पूर्णविराम.' भाजीवाल्याने आधी गाडीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि तराजू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ती गल्ली रिकामी झाली आणि दारांना कुलपे व सील लागली.

५. आपल्याकडून कोठेही कागद लावला जात नाही. गाडी हीच नोटीस. त्यामुळे लोकांना या आवाजाचा जो एकच पत्ता माहीत आहे, तेथे ते येतात, म्हणजे माझ्याकडे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत म्हणून एकीने मुदत मागितली. एकाने साखरेचा पुडा आणला, तो मी परत दिला. तो पुन्हा उंबऱ्यावर ठेवून गेला. आमची इस्त्रीवाली म्हणाली, "खाली येऊन सगळ्या गल्लीला सांगून गेलात, मग दोन जिने चढून आमच्याकडे यायला काय झालं होतं, आजोबा?" तो मी नव्हे, असे मी सांगितले. परंतु नाकारण्यासाठीही माझ्याकडे तोच आवाज आहे. मी बोलू लागताच तिने मुलाला जवळ ओढले. माझ्या हातात काही नाही, असे एका गृहस्थांना सांगितले तर ते शांतपणे म्हणाले, "सगळे साहेब हेच म्हणतात." आता गल्लीतली मुले 'गाडी-गाडी' खेळतात. एक जण माझा आवाज काढतो आणि बाकीची घराकडे पळतात. शेवटी पोहोचतो तो बाद.

६. मी खिडकी क्रमांक चारवर तक्रार केली. तेथील लिपिक म्हणाले, "आवाज तुमचा असेलही, पण घोषणा आमची आहे." पुरावा म्हणून त्यांनी मला तीच वाक्ये म्हणायला लावली. रांगेतली माणसे मागे सरकली. लिपिकांनी मात्र सहकाऱ्याला बोलावले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि निकाल दिला : "छे, गाडीवरचा भारदस्त आहे. हा घाबरट आहे." माझ्या अर्जावर 'जुळत नाही' असा शेरा मारण्यात आला. त्यांचे चुकले, असे मला ठामपणे म्हणता येत नाही.

७. दरम्यान नातीचे काम बंद पडत आले आहे. मागच्या कार्यक्रमात 'पूर्णविराम' येताच पुढच्या रांगा नाचायच्या थांबल्या. काहींनी दाराकडे पाहिले, पुष्कळांनी घरी फोन लावले. खालचा सूर आला तो उभ्या माणसांवर. आयोजक तिला म्हणाले, "बाई, लोक नाचायला येतात, सामान बांधायला नाही." तिने सगळी गाणी माझ्याशिवाय पुन्हा बांधली, तरी त्या रिकाम्या जागी लोकांना मीच ऐकू येतो, असे ती सांगते. बोलावणी बंद झाली आहेत.

८. गेल्या आठवड्यात ठेकेदाराने तिला फोनवरून कायमचे काम देऊ केले. गाडीचा आवाज तिने सांभाळायचा. सुरुवातीला चार शब्द हवे होते, जे आधीच्या संचात नाहीत : छापखाना, मागची, इमारत, जिना. महोदय, आम्ही जुन्या छापखान्यामागच्या इमारतीत राहतो. तिने विचार करून कळवते म्हणून फोन ठेवला आणि मला म्हणाली, "आजोबा, तुमचा घसा बसलाय. कोणी विचारलं तरी तोंड उघडायचं नाही." तेव्हापासून मी दुकानात बोट दाखवून वस्तू घेतो. परंतु त्याने काही अडेल का, असे मी लिहून विचारले, तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. 'दवाखाना' मी वाचलेला आहे, 'छाप'ही वाचलेला आहे. चहा उकळेपर्यंत 'छाप' आणि 'खाना' यांचा जोड बसतो, आणि तिने नाही बसवला तर दुसरा बसवील. तिने नकार कळवला आहे. कालपासून गाडी आमच्या कोपऱ्यावर उभी आहे. इंजिन चालू असते. ती अजून काही बोललेली नाही.

९. तरी विनंती की, माझा आवाज वापरणे थांबवावे. तसे शक्य नसल्यास, आणि ते नसावे अशीच माझी समजूत आहे, निदान आमच्या इमारतीपुरते ध्वनिमुद्रण न लावता मला स्वतः सांगू द्यावे. नात मायक्रोफोन धरील. मजकूर आपला राहील. त्यात मी एक शब्दही घालणार नाही. आवाज कापेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. यात माझा हेतू इतकाच की, आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक बाई आहेत, त्यांना खिडकीपर्यंत यायला वेळ लागतो, आणि ध्वनिमुद्रण तोवर पुढच्या गल्लीत गेलेले असते. मी थांबेन. कोणी काही विचारले, तर त्याचे पुरते ऐकून घेईन. उत्तर माझ्याकडे नसेल, हेही मीच त्यांना सांगेन.

आपला नम्र, आणि अद्याप याच पत्त्यावर राहणारा,

(सही)
सेवानिवृत्त प्रत-वाचक
दुसरा मजला, जुन्या छापखान्यामागची इमारत

दिनांक : १४ ऑक्टोबर, मंगळवार

सोबत : काही जोडलेले नाही. आवाजाचा नमुना आपल्या कार्यालयाकडे आहे.