आम्ही मांगरात राहतो

१ जानेवारी
यंदा रोज डायरी. खरं तेच लिहायचं, कमी लिहायचं. गोड बंद. चालणं सुरू (उद्यापासून). आमचा गंधार जूनमध्ये पहिलीत जाणार. त्याला रत्नागिरीतली बेस्ट शाळा मिळवून देणं हे या वर्षाचं टार्गेट.

१५ जानेवारी
बेस्ट शाळेची फी ऐकली. बसूनच राहिलो.
रात्री जेवताना पेपरात वाचलं की प्रायव्हेट शाळांत पंचवीस टक्के जागा फुकट असतात. वंचित आणि दुर्बल घटकांसाठी. वाचताक्षणी आतून काहीतरी हललं. हे तर आपलंच वर्णन!
मृणाली म्हणाली, अहो, त्या गरिबांसाठी आहेत. मी विचारलं, आंबा बागायतदाराहून गरीब कोण? मोहोर थ्रिप्स किडीने खाल्ला, उरला तो माकडांनी. यंदा आंबा नाही, हे मी दरवर्षी सांगतो. आप्पाही सांगायचे, आजोबाही सांगायचे. तीन पिढ्यांची हलाखी आहे आमची. आप्पांना हे सांगितलं तर इतके हसले की ठसका लागला. पाठ चोळावी लागली.
मृणालीने गाडीचा विषय काढला. गाडी लोनवर आहे. म्हणजे बँकेची आहे.

२२ जानेवारी
उत्पन्नाचा दाखला मिळाला. वर्षाला लाखाच्या आत! मी जे लिहून दिलं तेच त्यात आलं, पण छापील अक्षरांत स्वतःची परिस्थिती वाचली आणि डोळ्यांत पाणी आलं. कसे दिवस काढतोय आपण!

२४ जानेवारी
अडचण. घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असेल तर पहिला नंबर. आमचा बंगला गावात, शाळा मिरजोळ्याला.
पण मिरजोळ्याला आमची बाग आहे! शाळेच्या कुंपणाला बागेचा दगडी गडगा लागून. आणि बागेत मांगर आहे, राखणदाराच्या राहण्याची खोली. तिथे दादू, त्याची बायको श्रद्धा आणि त्यांची पोर सानवी गेली कित्येक वर्षं राहतात. राहतात ते, पण लाइटबिल माझ्या नावावर आहे. कागदोपत्री मी मांगरातच राहतो. फॉर्म भरून टाकला.
मृणालीने त्याच लॅपटॉपवर सानवीचाही फॉर्म भरला. पत्ता तोच, मांगर. दादूचं रेशनकार्ड लावलं. मी हरकत घेतली नाही. आपलं मन मोठं आहे.

१० फेब्रुवारी
लॉटरी! गंधारचा नंबर लागला!! सानवी वेटिंग लिस्टवर, अगदी वरती.
बागेत जाऊन दादूचं सांत्वन केलं. म्हटलं, मराठी शाळा उत्तम रे, मातृभाषेतून शिकलेली मुलंच पुढे जातात. त्याने विचारलं, मग गंधारशेट तिथं नाय जायचं काय? भाबडी माणसं. श्रद्धा सानवीच्या वेण्या घालत बसली. सानवी गडग्यावरून रोज त्या शाळेची प्रार्थना ऐकते म्हणे, तिला पाठ झालीय. ऐकायला काय, ती तशीही फुकटच आहे.
मृणाली अर्ध्या जेवणावरून उठली. डोकं दुखत असणार.

१६ फेब्रुवारी
पत्त्याची पडताळणी करायला माणसं येणार म्हणे. घाबरायचं कारण नाही, प्रिपरेशन हवं. गंधारला दोन दिवस मांगरात ठेवला आणि तयारी घेतली. आम्ही मांगरात राहतो. पपा खूप गरीब आहेत. ती गाडी आमची नाही. प्रत्येक बरोबर उत्तराला एक चॉकलेट.
मीही राहणार होतो, पण डास फार. सहालाच निघालो.
गंधार परत यायला तयार नाही. श्रद्धाच्या हातची भाकरी नि सुकट आवडली त्याला. रोलमध्ये शिरलाय पोरगा. माझ्यावर गेलाय.

२० फेब्रुवारी
काय लिहू.
एक सर नि एक मॅडम आल्या. मी दादूचा शर्ट घातला होता, काखेत उसवलेला. गाडी गडग्यामागे लपवली होती. दादूला शेजारी व्हायला सांगितलं होतं. तो शेजाऱ्यासारखा उभा राहिला, पण हात जोडून.
गंधारने तर मैदान मारलं. पपा खूप गरीब आहेत, म्हणाला, ते माझ्यापेक्षा कमी जेवतात. मॅडमचे डोळे ओले झाले. सरांनी सही करायला पेन काढलं.
तेवढ्यात गंधार आपणहून म्हणाला, ती गडग्यामागची गाडी आमची नाहीय हां. कुणी विचारलंही नव्हतं. तेही मी निभावून नेलं.
पण निघताना... आता आमच्या बागेत सीझनला आलेला माणूस कधी रिकाम्या हाताने गेलाय? मांगरात मोसमातली पहिली पेटी बांधून तयार होती. हात आपोआप गेला. सर नको नको म्हणत होते, चालत नाही म्हणत होते. मी म्हटलं, घरचा आंबा आहे, नाही म्हणायचं नाही!
मॅडमनी झाकण वाचलं. ‘गंधार हापूस. बागायतदार व निर्यातदार. रत्नागिरी, दुबई, लंडन.’ वरती माझा फोटो. ब्लेझरमध्ये. मांडीवर गंधार.
मॅडमनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा उसवलेल्या काखेकडे. मग हळूच विचारलं, दुबईला कसा जातो हो माल? भाऊ आहे, चुलत आहे, काहीही सांगता आलं असतं. पण दुबईचं कुणी विचारलं की माझा ताबा सुटतो. फळाचं वजन, तिथला भाव, कंटेनर, सगळं सांगितलं. लंडनचंही, न विचारता. सर पेन बंद करून शांतपणे ऐकत होते.
पेटी ठेवून गेले. आंब्याची किंमत नाही लोकांना.

२५ फेब्रुवारी
प्रवेश रद्द. मॅडम म्हणाल्या, पोराकडे पाहून सांगते, स्वतःच अर्ज मागे घ्या, पुढचं टळेल. घेतला. या देशात मोकळ्या मनाच्या माणसाचं काही खरं नाही. मी दुबई लपवली असती तर आज गंधार आत असता.
आप्पांना सांगितलं. पुन्हा ठसका.

१२ मार्च
वेटिंग लिस्ट हलली. सानवीला प्रवेश मिळाला. तीच माणसं, तोच मांगर, तोच शर्ट. फक्त आत दादू होता. आणि प्रवेश मी रिकाम्या केलेल्या जागेवर! एका अर्थी मीच दिली म्हणायची.
श्रद्धा पेढे घेऊन बंगल्यावर आली. रडत होती, हसत होती. मी दोन पेढे घेतले. (गोड बंद, पण तिला वाईट वाटलं असतं.)

८ एप्रिल
गंधारला त्याच शाळेत घातला. पूर्ण फी भरून. मन मारून भरली.
दादूने पगारवाढ मागितली. सांगितलं, यंदा आंबा नाही रे दादू, फार वाईट दिवस आहेत. तो मान हलवून गेला. समजूतदार आहे.

१६ जून
शाळा सुरू. गंधार नि सानवी एकाच वर्गात, एकाच बाकावर. मृणालीने ऑर्डर काढलीय की गाडी बागेवरून न्यायची आणि दोघांना सोडायचं. म्हणजे मी आता ड्रायव्हर. प्रार्थनेला सानवीला पुढे उभी केली म्हणे, तिला सगळी येते.

२० जून
पालकांच्या ग्रुपवर टीचरचा मेसेज. वर्गात एक मूल अत्यंत गरजू आहे, घरची परिस्थिती फार बिकट, नाव सांगत नाही, रेनकोट-दप्तराची मदत व्हावी. मला लगेच कळलं. सानवी! दुसरं कोण?
ग्रुपवर दानाचं महत्त्व लिहिलं, चांगलं लांबलचक. कष्टाने कमावलेल्यातूनच खरं दान होतं वगैरे. लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस पडला.
मृणाली म्हणाली, नवीन घ्या. मी म्हटलं, उधळपट्टी नको. गंधारचा दोन वर्षांपूर्वीचा रेनकोट माळ्यावर होता. हिरवा, टोपीवर बेडकाचे डोळे. एक डोळा तुटलाय, बाह्यांना पोपडे आलेत. गरजू मुलाला एक डोळा पुष्कळ झाला. इस्त्रीच्या कागदात गुंडाळून शाळेच्या मदतपेटीत टाकला. ग्रुपवर फोटो टाकला (पाकिटाचा).
छान झोप लागणार आज.

२५ जून
संध्याकाळी दादू बंगल्यावर आला. हातात शाळेचं पार्सल. टीचरने मांगराच्या पत्त्यावर पाठवलेलं. वरती नाव गंधारचं.
हळूहळू उलगडलं. गंधार रोज वर्गात सांगतो, आम्ही मांगरात राहतो, पपा खूप गरीब आहेत. सोडायला येते ती गाडी आमची नाही. टीचरला खरं वाटेना, तिने सानवीला विचारलं. सानवी म्हणाली, हो, आमच्याच मांगरात राहतो, माझ्याच गोधडीवर झोपतो. (फेब्रुवारीतले ते दोन दिवस!) गंधारला मी विचारलं, का रे बोलतोस असं? तर म्हणाला, टीचरपण चॉकलेट देते.
दादू जाईना. पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभा. मग म्हणाला, शेट, आंबा नाय म्हणालात, पण घरात एवढं कमी पडतंय ते आमाला सांगायचंत की वो. पोराला शाळेत मागायची पाळी आली. माझी पगारवाढ र्‍हाऊ दे यंदा. नि श्रद्धाने दिलेली तांदळाच्या पिठाची पिशवी ओट्यावर ठेवली.
मृणाली माझ्याकडे बघत होती. मी पिशवी आत नेऊन ठेवली.
तोवर गंधारने पार्सल फोडलं. घरभर नाचला. पपा, पपा, माझा बेडूक सापडला!
बाह्या कोपरापर्यंतच येतात. उद्या शाळेत हाच घालून जाणार म्हणतो.